इन्झागी आणि ऑफसाइडची रेषा

फिलिपो इन्झागीचा जन्मच ऑफसाइडमध्ये झाला असावा, असं मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन म्हणाले होते, असं सांगतात. इटलीच्या या फुटबॉल स्ट्रायकरवर, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूवर, तो शिक्का कायमचा बसला. चेंडू पायात खेळवत पुढे नेणं, म्हणजे ड्रिब्लिंग, डोळ्यांत भरावं असं नाही, लांबून सणसणीत फटके नाहीत. तरी १९९६-९७ च्या हंगामात अटलांटाकडून २४ गोल करून तो सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये गोल करण्यात अव्वल ठरला. पुढे युव्हेंटस आणि मग मिलान हे क्लब. युरोपीय स्पर्धांत त्याच्या नावावर ७० गोल आहेत. त्याच्या धावेवर इतक्या वेळा सहायक पंचाचा ऑफसाइडचा झेंडा वर जायचा, तो गबाळेपणामुळे नव्हे, असं माझं ठाम मत आहे. माणसाच्या डोळ्याची मर्यादा जिथे सुरू होते, तिथेच त्याचा खेळ सुरू व्हायचा.

ऑफसाइडचा नियम बघा. सहकाऱ्याने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे, म्हणजे त्यांच्या गोलच्या जास्त जवळ, असता कामा नये. हा शेवटून दुसरा म्हणजे बहुतेकदा गोलरक्षकाच्या आधीचा बचावपटू. १९९० पासून त्याच्या बरोबरीत असलं तरी चालतं. आता स्ट्रायकर सेकंदाला ७ मीटर वेगाने गोलकडे सुटलाय आणि बचावाची फळी ३ मीटर वेगाने उलट दिशेला, पुढे सरकतेय असं धरा. दोघांमधलं अंतर सेकंदाला १० मीटरने बदलतं. म्हणजे एक दशांश सेकंदाची चूक झाली की अख्ख्या मीटरचा फरक. उभ्या जागेवरून धाव सुरू केली तर वेग पकडेपर्यंत बचावपटू गाठणार. म्हणून इन्झागी आधी फळीला समांतर, आडवा सरकायचा आणि पास निघताना वळायचा. वेग अंगात असायचाच.

बचावपटूची अडचण वेगळी. डोळ्याच्या पडद्यावरच्या मधल्या छोट्याशा भागातूनच अगदी स्पष्ट दिसतं. हात लांब करून अंगठा धरला, तर साधारण त्याच्या नखाएवढंच ते क्षेत्र. बाकी सगळं धूसर. चेंडू बघायचा की पाठीमागचा माणूस? नजर हलवायचं ठरल्यापासून ती हलेपर्यंतच सुमारे ०.२ सेकंद जातात. इन्झागी मुद्दाम त्या पाठीमागच्या बाजूला राहायचा.

२३ मे २००७, अथेन्स. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम लढत, मिलानसमोर लिव्हरपूल. पूर्वार्ध संपता संपता सहकारी पिर्लोची फ्रीकिक इन्झागीच्या अंगाला लागून जाळ्यात गेली होती. ८२ व्या मिनिटाला चेंडू मिलानच्याच काका या खेळाडूकडे आला आणि इन्झागी बचावपटूंच्या मधून सुटला. पास अचूक आला, झेंडा खालीच राहिला. गोलरक्षक रेइनाला वळसा घालून त्याने चेंडू आत सरकवला. मिलान २-१ ने जिंकला.

झेंडा धरणाऱ्या पंचाचे डोळेही आपल्यासारखेच. २००० साली डच संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की सहायक पंच शेवटच्या बचावपटूच्या नेमक्या रेषेत उभा नसेल, तर निव्वळ कोनामुळे निर्णय चुकतो. शिवाय मेंदूचा एक भ्रम आहे: अचानक काही घडलं की त्या क्षणी धावणारी वस्तू आपल्याला होती त्याच्या थोडी पुढे दिसते. पायाने चेंडूला मारलेला फटका ही तशीच अचानक घटना. मग रेषेत असलेला स्ट्रायकरही पुढे भासतो. इन्झागीविरुद्ध उठलेल्या झेंड्यांपैकी काही या भ्रमाने उचललेले असणार, याबद्दल मला शंका नाही.

इन्झागी २०१२ मध्ये निवृत्त झाला. दहा वर्षांनी कतारच्या विश्वचषकात ऑफसाइड ठरवण्यासाठी स्टेडियमच्या छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा नोंद करत होता. अर्जेंटिनाचे सौदी अरेबियाविरुद्धचे तीन गोल पूर्वार्धातच ऑफसाइड ठरले, त्यांतले दोन लाउतारो मार्टिनेझचे. पण सेकंदाला ५० चित्रं म्हणजे दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंदाची फट, आणि वरच्या हिशेबाने त्या फटीत स्ट्रायकर आणि बचावपटू यांच्यातलं अंतर २० सेंटिमीटरने बदलतं. मधली जागा यंत्रालाही गणिताने भरून काढावी लागते.