अच्छा, अच्छे, अच्छी: हिंदीतल्या विशेषणांच्या रूपांमागचा इतिहास

हिंदी शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन नियम वेगवेगळे शिकवले जातात. पहिला विशेषणाचा: अच्छा लड़का, अच्छे लड़के, अच्छी लड़की. दुसरा क्रियापदाचा: लड़का जाता है, लड़की जाती है. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर हे दोन नियम नाहीत, एकच आहे. हिंदी क्रियापदाचा जो भाग लिंगाप्रमाणे बदलतो, तो मुळात विशेषणच होता. शिकवताना हे सुरुवातीलाच सांगितले, तर निम्मे पाठांतर वाचेल असे मला मनापासून वाटते.

सुरुवात संस्कृतपासून करावी लागते. तिथे विशेषण हे विशेष्याच्या, म्हणजे ते ज्या नामाबद्दल सांगते त्याच्या, लिंगाला, वचनाला आणि विभक्तीला बांधलेले असते. तीन लिंगे, तीन वचने आणि संबोधन धरून आठ विभक्ती, म्हणजे एका विशेषणाच्या वाट्याला 72 जागा. त्यातली पुष्कळ रूपे एकसारखी असली तरी पसारा मोठाच. प्राकृतांमध्ये द्विवचन गेले, शब्दांचे शेवट झिजले आणि विभक्ती एकमेकींत मिसळल्या. अपभ्रंशापर्यंत, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्यामधल्या टप्प्यापर्यंत, येताना तर नामाची सरळ रूपे आणि सामान्यरूपे एवढाच मुख्य भेद उरत चालला होता. विभक्तीचे काम ‘को’, ‘से’, ‘में’ अशा स्वतंत्र शब्दांकडे आणि वाक्यातल्या क्रमाकडे गेले. ‘पत्थर शीशा तोड़ता है’ या वाक्यात कोण कोणाला फोडतो, हे आपल्याला प्रत्ययावरून नव्हे, जागेवरून कळते. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आणि नामाआधी विशेषण ही आजची घडी अशी बसत गेली.

नपुंसकलिंगाचे काय झाले, हा मराठी माणसासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मराठी, कोकणी आणि गुजराती यांनी ते सांभाळले. हिंदीत ते पुल्लिंगात विरघळले. म्हणून आपले ते दूध, ते पाणी, ते घर तिकडे सरळ पुल्लिंगी: ठंडा दूध, मीठा पानी, बड़ा घर. पण सगळीच नपुंसकलिंगी नामे पुल्लिंगात गेली नाहीत. संस्कृतातले नपुंसकलिंगी ‘अक्षि’ हिंदीत ‘आँख’ होऊन स्त्रीलिंगी झाले, आणि ‘पुस्तक’ही हिंदीत स्त्रीलिंगी आहे.

आता तो ‘आ’ कुठून आला? संस्कृत शब्दांना ‘क’ हा स्वार्थी प्रत्यय लागत असे, म्हणजे अर्थ न बदलणारा. घोटक, मिष्टक अशी रूपे. प्राकृतात मधला ‘क’ गळाला, स्वर एकत्र आले आणि घोड़ा, मीठा ही रूपे तयार झाली. स्त्रीलिंगी ‘इका’चे त्याच वाटेने ‘ई’ झाले: मीठी. ब्रज भाषेत पुल्लिंगी शेवट ‘ओ’ किंवा ‘औ’ राहिला. दिल्ली-मेरठकडच्या, आजच्या हिंदीचा पाया असलेल्या खड़ी बोलीत आणि पंजाबीत तो ‘आ’ झाला. बाराव्या शतकात गुजरातेत जैन आचार्य हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणात अपभ्रंशाची उदाहरणे म्हणून दोहे दिले. त्यातल्या एकाची सुरुवात आहे, ‘भल्ला हुआ जु मारिआ बहिणि महारा कंतु’. भल्ला, हुआ, मारिआ, महारा: आजच्या हिंदीचा कान असलेल्या कुणालाही हे शेवट ओळखीचे वाटतील.

यावरूनच कोणती विशेषणे बदलतात आणि कोणती नाही, हेही उलगडते. बोलीतून झिजत आलेली काला, मीठा, बड़ा ही बदलतात. संस्कृत ग्रंथांतून नंतर उचललेले ‘सुंदर’ आणि फारसीतून आलेले ‘साफ़’ ही या साच्यातून गेलीच नाहीत, म्हणून ती तशीच राहतात. फारसीतून आलेला ‘ताज़ा’ मात्र शेवटच्या ‘आ’मुळे देशी विशेषणांच्या पंगतीत बसला आणि ‘ताज़ी रोटी’ रूढ झाले. ‘उम्दा’ तसा बदलला नाही.

क्रियापदाकडे वळू. संस्कृतात ‘सः गच्छति’ आणि ‘सा गच्छति’ यांत क्रियापदाला लिंग नाही. पण ‘सः गतः’, ‘सा गता’ यांत आहे, कारण ‘गत’ हे धातुसाधित विशेषण. पुढच्या भाषांनी भूतकाळासाठी जुनी क्रियापदे सोडून हीच विशेषणे धरली: वह गया, वह गई. वर्तमानातले ‘जाता, जाती’सुद्धा वर्तमानकालवाचक विशेषणातून आले. भविष्यातल्या ‘जाएगा’मध्ये ‘जाए’ हे जुने लिंगरहित क्रियापद असून मागचा ‘गा’ त्याच ‘गत’चा वंशज आहे. म्हणून ‘जाए’ बदलत नाही, ‘गा’ची ‘गी’ होते. ‘हूँ’ आणि ‘है’ खरी क्रियापदे, त्यांना लिंग नाही.

‘ने’ आला की क्रियापद कर्त्याऐवजी कर्माशी का जुळते, हे कोडेही इथेच सुटते. ‘रामेण रोटिका खादिता’ या रचनेत विशेषण रोटीशी जुळते, रामाशी नाही. ‘राम ने रोटी खाई’ ही त्याच घडणीची रचना, आणि आपले ‘रामाने पोळी खाल्ली’ही. ‘ने’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, रचनेच्या उगमाबद्दल नाहीत. अवधी, भोजपुरी या पूर्वेकडच्या भाषांत हा ‘ने’ नाही. कर्मालाही ‘को’ लागला की क्रियापदाला जुळवून घ्यायला कुणीच उरत नाही. तेव्हा मराठी नपुंसकलिंगाकडे जाते, ‘मुलाने मुलींना पाहिले’, आणि हिंदी पुल्लिंगाकडे, ‘लड़के ने लड़कियों को देखा’. तिच्याकडे तिसरे लिंग शिल्लकच नाही.

आपण चांगल्या मुली म्हणतो, हिंदी मात्र अच्छी लड़कियाँ. स्त्रीलिंगी अनेकवचनाची ही जुळणी हिंदीतही होती. पंजाबीत ती आजही आहे: चंगियाँ कुड़ियाँ. अठराव्या शतकातल्या उर्दू कवी सौदाच्या गझलेत ‘आँखें तरसतियाँ हैं’ असे येते. पुढे प्रमाण भाषेने अनेकवचनाची खूण नामावर आणि शेवटच्या सहायक क्रियापदावर ठेवली, बाकीच्यांवरून काढून टाकली.

या सगळ्याची नियमावली प्रथम परक्यांनी परक्यांसाठी लिहिली. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या केटेलारचे हिंदुस्तानी व्याकरण सतराव्या शतकाच्या अखेरीस डच भाषेत लिहिले गेले आणि 1743 मध्ये लायडनला लॅटिनमधून छापले गेले. जॉन गिलख्रिस्ट या स्कॉटिश अभ्यासकाचे व्याकरण 1796 मध्ये कलकत्त्याला निघाले. पुढे केलॉग या मिशनऱ्याने बोलींची रूपे शेजारी मांडून मोठे काम केले.

हिंदी लेखकाने हिंदीत लिहिलेले पहिले भरभक्कम व्याकरण म्हणजे कामताप्रसाद गुरूंचे, काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने 1920 मध्ये काढलेले. त्याचा मराठीशी थेट संबंध आहे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये आले होते, आणि गुरूंनी त्याचे ऋण मान्य केले आहे. कर्तरि, कर्मणि आणि भावे प्रयोग ही आपली शाळेतली नावे गुरूंच्या हिंदी व्याकरणातही याच कामी येतात. 1950 च्या दशकात किशोरीदास वाजपेयींनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी त्या ‘आ’ला ‘पुंविभक्ति’, म्हणजे पुल्लिंगाची खूण, म्हटले आणि हिंदी क्रियापदांची विभागणी तिङन्त (मूळ क्रियापदाची रूपे) व कृदन्त (धातूपासून बनलेली विशेषणे) अशी केली, म्हणजे ‘जाए’ एकीकडे आणि ‘गया’ दुसरीकडे. नवशिक्यांच्या पुस्तकांत ही विभागणी अजून क्वचितच उतरते. तिथे ‘जाता है, जाती है’चा तक्ता वेगळ्या पानावर आणि ‘अच्छा, अच्छी’चा वेगळ्या पानावर असतो.