दोघांची कयाक गोल का फिरते?

रविवारी सकाळी मुंबईतल्या मार्वेच्या किनाऱ्यावर दोन जणांच्या कयाकमधून, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होडीतून, हमखास ऐकू येतं, "अरे, नीट मार ना!" खाडीपलीकडच्या मनोरीकडे निघालेली कयाक एव्हाना पुन्हा मालाडकडे तोंड करून उभी असते. किनाऱ्यावरचा कुणीतरी छातीठोकपणे सांगतो की तिथे खाडीला 'ओढ' आहे, जागाच बरी नाही. जागेचा दोष नाही. ज्याच्या दंडात जोर तोच कयाक वळवतो, हा समजही अर्धवट आहे. खरा प्रश्न कोण कुठे बसलंय, हा आहे.

थांबलेली कयाक साधारण मध्याभोवती फिरते. पुढच्याने नाळेपासून, म्हणजे कयाकच्या पुढच्या टोकापासून, स्वतःच्या कमरेपर्यंत वल्हं अर्धगोल फिरवावं, मागच्याने कमरेपासून शेपटापर्यंत. उरलेला भाग कयाकच्या मध्याजवळ येतो, तिथे तरफ तोकडी पडते आणि जोर वाया जातो.

वेग आला की मात्र मजा सुरू होते. समजा, नाळ किंचित डावीकडे वळली. कयाक अजून जुन्याच दिशेने चाललेली असते, त्यामुळे पाणी समोरून न येता नाळेच्या उजव्या अंगावर येतं. तिथला दाब वाढतो आणि नाळ आणखी डावीकडे ढकलली जाते. म्हणजे चूक स्वतःच स्वतःला वाढवते! वायुगतिशास्त्रज्ञ मॅक्स मंक यांनी १९२४ साली एअरशिपच्या, म्हणजे वायूने भरलेल्या हवाई जहाजांच्या, लांबट धडासाठी हेच गणित मांडलं. आदर्श, चिकटपणा नसलेल्या द्रवात या वळवणाऱ्या जोराला विरोध करणारं काहीच नसतं. खऱ्या पाण्यात मागच्या टोकाचा आडवा विरोध थोडं सावरतो, म्हणून तर कयाकच्या मागे पंखासारखी पट्टी लावतात.

परिणाम असा, की चालत्या कयाकचा फिरण्याचा बिंदू पुढे सरकतो. पुढच्याची तरफ आखूड होते, मागच्याची लांब. म्हणून दिशा सांभाळायची मागच्याने, तीही नाळ जेमतेम हलली की लगेच. उशीर झाला की जास्त जोर लागतो. ताल पुढच्याने धरायचा, कारण त्याला मागचा दिसत नाही.

दोघे मध्यापासून जितके लांब, तितकं वळण जड. अंतर दुप्पट झालं की त्यांच्या वजनाचं जडत्व चौपट होतं, कारण अंतराचा वर्ग येतो.

वजनदार माणूस मागे बसवावा, पण फार मागे नाही. नाळ उचलली गेली की वारा तिलाच आपल्या वाहण्याच्या दिशेला लोटतो. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. त्याआधी पाण्याचे कॅन, पिशव्या पुढच्याच्या पायांशी सरकवलेल्या बऱ्या.