वाचलेला रुपया आणि वाचलेलं मिनिट

डॉक्टरांचा फोन आला की पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: “मॅडम, दवाखाना जरा एफिशियंट करायचाय, खर्च फार वाढलाय.” ही दोन वेगळी कामं आहेत, पण सांगितली जातात एका दमात, एकच असल्यासारखी. तालुक्याच्या गावांतल्या ओपीडी आणि दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम यांची व्यवस्था मी पंधरा वर्षं बघते आहे. खर्च कापला की कार्यक्षमता आपोआप वाढते, या समजुतीपायी चांगले चालणारे दवाखाने रखडलेले पाहिले आहेत. म्हणून हे एकदा नीट लिहून काढते.

खर्चकपात म्हणजे काय ते सांगायला नको, घर चालवणाऱ्या प्रत्येकाला कळतं. साधा पंखा ७५ वॉट घेतो, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसभर फिरणारे सहा पंखे बदलले की फरक बिलात दिसतो. जरूर बदला. दवाखान्यापुरतं वेगळं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. मशिनचा भाव करासकटच विचारा. आणि स्टॉकिस्टच्या, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या, ‘दहावर एक’ स्कीमसाठी सहा महिन्यांचं औषध भरून ठेवू नका. फुकट मिळालेली ती एक बाटली पुढे एक्सपायरीच्या खोक्यात इतर चार बाटल्यांसोबत निघते. कपाटात आधी आलेला माल पुढे लावण्याची सवयही सोडा. ज्याची एक्सपायरी आधी, तो पुढे. नवीन आलेल्या खोक्यावर जुन्यापेक्षा आधी संपणारी तारीख असू शकते.

गल्लत होते ती पुढेच. किती पैसे बाहेर गेले, हा खर्चकपातीचा प्रश्न. ज्या एका जागी सगळं काम अडतं, तिथली वेळ कशात गेली, हा कार्यक्षमतेचा प्रश्न. घाटातली खिंड चिंचोळी असेल तर अलीकडचा आणि पलीकडचा रस्ता कितीही रुंद करा, गाड्या खिंडीच्याच वेगाने निघणार. लहान दवाखान्यात ही खिंड म्हणजे डॉक्टरांची खोली. तिथे एका वेळी एकच पेशंट असतो, आणि डॉक्टर एकच.

एका फिजिशियननी मदतनीस मुलीला कमी केलं. महिन्याचे बारा हजार वाचले, केसपेपर ते स्वतःच काढू लागले. चार महिन्यांनी त्यांची तक्रार अशी, की पेशंट तेवढेच आहेत पण घरी जायला साडेदहा वाजतात, आणि लोक बाहेरूनच परत फिरतात. त्यांच्या आणि पेशंटच्या परवानगीने एक संध्याकाळ मी त्यांच्या खोलीत कोपऱ्यात स्टूल टाकून घड्याळ घेऊन बसले.

एक आजी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला गाठ. गाठ सुटेना म्हणून डॉक्टरांनी ती सोडवली. आत तीन वर्षांचे कागद: लॅबचे रिपोर्ट, दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची रिकामी पाकिटं. जुना ईसीजी निघाला, पण तो थर्मल कागदावरचा, रेघा पुसट होऊन जवळजवळ कोरा झालेला. डॉक्टरांनी तो खिडकीकडे धरून पाहिला. मग नाव, वय लिहिलं, वजनकाट्यावर उभं केलं, बीपीचा पट्टा बांधला. तपासलं, औषध लिहिलं, कसं घ्यायचं ते समजावलं. शेवटी पाचशेच्या नोटेचे सुटे द्यायला खण उघडला. आठ मिनिटं झाली. त्यातली डॉक्टरच करू शकतात अशी पाच. गाठ, कागद, वजन आणि सुटे पैसे यांत तीन गेली. पुढच्या पेशंटांचं थोड्याफार फरकाने तेच.

आता हिशेब मांडा. संध्याकाळची ओपीडी चार तासांची, म्हणजे २४० मिनिटं. पेशंटमागे आठ मिनिटं लागली तर तीस जण होतात, पाच लागली तर अठ्ठेचाळीस. मदतनिसाचा पगार पंचवीस दिवसांवर वाटला तर दिवसाला ४८० रुपये. फी दोनशे असेल तर तीन जादा पेशंटांत तो निघतो. बारा हजार वाचवताना डॉक्टरांनी स्वतःची रोजची नव्वद मिनिटं देऊन टाकली होती, आणि वहीत मात्र त्या महिन्यांपुढे ‘बचत’ असं लिहिलेलं होतं. खर्चाच्या वहीची हीच अडचण आहे. गेलेला रुपया तिच्यात दिसतो, गेलेल्या मिनिटाला तिच्यात रकानाच नसतो.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी, आणि ती विसरणारे सल्लागार मला जास्त खटकतात. बाहेर बाकावर कोणी बसलेलंच नसेल, दिवसाला पंधरा पेशंट येत असतील, तर डॉक्टरांची तीन मिनिटं वाचवून हाती काही पडत नाही. ती मिनिटं रिकामीच जातील. तिथे खिंड डॉक्टरांच्या खोलीत नाही, दारापर्यंत पेशंट पोचण्यात आहे. अशा दवाखान्याला भाडं, पगार, वीज यांतली कपातच तारते. म्हणजे रांग आहे की नाही, हे आधी बघायचं. उपाय नंतर.

रांग असूनही पैसा भलत्याच जागी घातल्याचं उदाहरण सांगते. एका नर्सिंग होमने नोंदणीच्या खिडकीसाठी महागडं सॉफ्टवेअर घेतलं. केसपेपर चार मिनिटांऐवजी एका मिनिटात निघायला लागला. पेशंट घरी जायची वेळ तीच राहिली. फक्त आधी खिडकीपाशी उभे असायचे, ते आता डॉक्टरांच्या दाराशी बसू लागले. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने १९६१ मध्ये रांगेचं एक साधं सूत्र सिद्ध केलं: रांगेत सरासरी जितके जण, भागिले तासाला जितके बाहेर पडतात, तितके तास सरासरी थांबावं लागतं. तीस जण बसलेत आणि तासाला साडेसात निघतात, तर चार तास. बारा निघाले तर अडीच. या भागाकारात खिडकीचा वेग कुठेच येत नाही. ज्या दवाखान्यात डॉक्टर एकटे आहेत तिथे मी अजूनही पत्र्याच्या टोकनांचा आणि नंबरवार लावलेल्या फायलींचाच आग्रह धरते. फाइल नावाने लावू नका, एकाच आडनावाचे चाळीस पेशंट असतात.

दोन्ही गोष्टी एकाच छताखाली पाहायच्या तर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाकडे बघावं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. तिथल्या शस्त्रक्रियागृहात सर्जनपाशी दोन टेबलं असतात. एकावर मोतीबिंदू काढणं चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होतो. एक शस्त्रक्रिया संपली की सर्जन दुसऱ्या टेबलाकडे वळतो, थांबत नाही. त्याच्याभोवती मदतनीस जास्त असतात, आसपासच्या खेड्यांतल्या मुली, तिथेच शिकून तयार झालेल्या. पगाराची यादी बघणारा म्हणेल, इथे माणसं कमी करायला वाव आहे. तीच माणसं सर्जनचं मिनिट राखतात. ही कार्यक्षमता. त्याच संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायची लेन्स स्वतः बनवायला घेतली, आणि आयात लेन्सच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ती मिळू लागली. ही खर्चकपात. लोक दोन्हीला मिळून ‘अरविंद मॉडेल’ म्हणतात आणि आपल्या दवाखान्यात फक्त दुसरीचं अनुकरण करतात. गावोगावच्या शिबिरांतून रुग्ण येत राहिले नसते, तर ती दोन टेबलंही रिकामी राहिली असती, हेही लक्षात घ्यावं.

यावर काही जण म्हणतात, मग पेशंटला वेळच कमी देऊ. याला माझा स्पष्ट विरोध आहे. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा आला होता. बांगलादेशात डॉक्टर पेशंटला सरासरी ४८ सेकंद देत होते, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, आणि भारतात जेमतेम दोन. त्यात अजून काय कापणार? गोळी जेवणाआधी की नंतर हे न कळलेला पेशंट चार दिवसांनी त्याच तक्रारीसाठी परत येतो आणि खिंडीतली जागा दुसऱ्यांदा अडवतो. वाचवायची ती गाठ सोडवण्याची मिनिटं, समजावण्याची नव्हेत.

कात्री जिथे कधीच लावू नये अशाही जागा आहेत. उपकरणं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश तापमान, १५ पौंड दाब आणि ठरलेला वेळ पूर्ण झालाच पाहिजे, गॅस वाचवायला मध्येच उघडू नका. लसींचा फ्रिज रात्री बंद करू नका, त्यांना २ ते ८ अंश सतत लागतं. वीज गेली तरी गडबड होते आणि थंडाव्याचं बटण वाढवून बर्फ जमला तरी, कारण पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बीची लस गोठली की वाया गेली. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच टाका. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत ते आहे, पण मुख्य म्हणजे सकाळी पिशव्या उचलणाऱ्या मावशींचे हात आहेत.

त्या फिजिशियननी मुलीला परत बोलावलं. ती येईना, दुसरीकडे लागली होती. नवीन मुलगी शिकेपर्यंत दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत कागद पुन्हा डॉक्टरच चाळत होते. आता दाराबाहेर एक टेबल आहे. तिथे वजन आणि बीपी लिहिलं जातं, पिशवीतले कागद तारखेने लागतात, सर्वांत अलीकडचा वर. ईसीजी काढला की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स फाइलला लागते. मागच्या महिन्यात त्या आजी आल्या तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडून आधी दोन ईसीजी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि मग आजींना विचारलं, जिना चढताना आता दम किती लागतो?