खणलेली माती लपत नाही

जमिनीवरून रडारची गाडी फिरवली की पडद्यावर खालचा सांगाडा दिसतो, कवटी-बरगड्यांसकट, असा समज चित्रपटांनी चांगलाच रुजवला आहे. असं यंत्र अजून बनलेलं नाही. तरीही शेकडो वर्षांपूर्वीच्या, वर दगड ना नाव अशा कबरी आज सापडतात, आणि त्या कशा सापडतात हे समजून घेण्यात फार मोठा आनंद आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियातलं जेम्सटाउन घ्या. मे १६०७ मध्ये १०४ इंग्रज पुरुष आणि मुलगे तिथे वस्तीला उतरले. सप्टेंबर सरेपर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे गेले: ताप, हगवण, उपासमार, हल्ले. लंडनहून निघतानाच, त्यांना धाडणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीने लेखी बजावलं होतं, की आपली माणसं मरताहेत हे स्थानिकांना अजिबात कळू देऊ नका. मृतांना किल्ल्याच्या कुंपणाआतच पुरलं गेलं. पुढे तो किल्लाच जेम्स नदीने गिळला, असं बराच काळ मानलं जात होतं. १९९४ मध्ये पुरातत्त्वज्ञ विल्यम केल्सो यांनी तिथे खणायला घेतलं आणि कुंपणाच्या खांबांचे मातीतले गडद डाग हाती लागले. लाकूड कधीच कुजून गेलं होतं, पण खांबासाठी खणलेली माती आपली जागा धरून होती.

कबरीचंही तसंच असतं. खड्डा खणताना वरची काळसर माती आणि खालची पिवळट चिकण माती एकत्र बाहेर येते आणि बुजवताना मिसळूनच आत जाते. थर पुन्हा पूर्वीसारखे लागत नाहीत. केबलसाठी खणलेला रस्ता बुजवला तरी पहिल्या पावसात नेमका तिथेच खचतो, तशी ही माती शेकडो वर्षं वेगळी राहते. तिचा सैलपणा वेगळा, ओलावा वेगळा. रडार हाच ओलाव्यातला फरक टिपतं.

ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जीपीआर, हाताने ढकलायच्या गाडीवर बसवलेलं असतं. त्याचा अँटेना जमिनीत रेडिओलहरींचे झटके सोडतो. या कामाला साधारण ४०० मेगाहर्ट्झची लहर वापरतात. हवेत ती एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सेंटिमीटर जाते, कोरड्या वाळूत १५, ओल्या मातीत जेमतेम ६ ते ७. हे ठरतं पदार्थाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे विद्युत क्षेत्राला तो पदार्थ किती प्रतिसाद देतो हे सांगणाऱ्या आकड्यावर. हवेचा १, कोरड्या वाळूचा सुमारे ४, पाण्याचा ८०. आणि वेग त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. जिथे हा स्थिरांक एकदम बदलतो, तिथून लहरीचा काही भाग परत फिरतो. जुनं हाड आणि भोवतालची माती यांत हा फरक फार थोडा असतो. खड्ड्याची कड, तळ किंवा शवपेटीतली पोकळी यांतून मात्र चांगला प्रतिध्वनी येतो.

आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. अँटेनाची लहर सरळ खाली न जाता पसरत जाते. समजा १ मीटर खोल एक वस्तू आहे आणि गाडी अजून तिच्या १ मीटर अलीकडे आहे. पायथागोरसनुसार लहरीचं अंतर १.४१ मीटर. पण लहर कुठल्या दिशेने परतली हे यंत्राला कळत नाही, म्हणून ते वस्तू आपल्या थेट खाली १.४१ मीटरवर असल्याचं नोंदवतं. गाडी अर्ध्या मीटरवर आली की नोंद १.१२, बरोबर डोक्यावर आली की १.००, पुढे गेली की पुन्हा वाढती. हे सगळे बिंदू जोडले की माथा वर आणि हात खाली झुकलेले, अशी वक्ररेषा उमटते. तिचं गणिती नाव अपास्त. माथा जागा सांगतो आणि हातांचा उतार लहरीचा वेग सांगतो. यंत्र प्रत्यक्षात लहरीला जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतं: माथ्याशी २० नॅनोसेकंद, १ मीटर अलीकडे २८.३. दोन्हींचे वर्ग ४०० आणि ८००. t² = t₀² + 4x²/v² या सूत्रात (t हा वेळ, t₀ माथ्याशी लागलेला वेळ, x गाडीचं माथ्यापासूनचं अंतर, v वेग) ते घातले की वेग येतो १० सेंटिमीटर प्रतिनॅनोसेकंद, आणि त्यावरून खोली. जमिनीत काहीही न खुपसता जमीन आपला वेग स्वतःच सांगून टाकते!

ख्रिस्ती दफनात डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवण्याची रीत होती. म्हणून गाडी उत्तर-दक्षिण फिरवतात, २५ ते ५० सेंटिमीटरवर एकेक रेघ. एकच अपास्त आला तर तो दगडाचा किंवा मुळाचाही असेल. लगतच्या चार-पाच रेघांत तो त्याच जागी आला तर कबरीची शक्यता बळावते. इतक्या वेगाच्या मातीत या लहरीची लांबी २५ सेंटिमीटर असते, त्यामुळे बरगड्या सुट्या दिसण्याचा प्रश्नच नाही. आणि आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत तर चिकणकण आणि ओल लहर चटकन शोषून घेतात. तिथे हे यंत्र फार खोल जात नाही.

अमेरिकेत आजही काही जण वाकवलेल्या दोन तारा हातात धरून पूर्वजांच्या कबरी ‘शोधतात’. आपल्याकडचे पाणाडे नारळ किंवा बेचकी घेऊन पाणी दाखवतात, तोच हा प्रकार. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने तार फिरते. जिथे कबर असावी असं मनाला वाटतं तिथेच ती फिरते, आणि अशा तारेच्या भरवशावर लोक आजोबा-पणजोबांचे दगड रोवतात, हे मला गंभीर वाटतं. चुकीच्या जागी बसलेला दगड पुढच्या पिढ्यांना पुरावा वाटतो.

रडारचा शब्दही अखेरचा नाहीच. खरं-खोटं खुरपीच ठरवते. जेम्सटाउनमध्ये २०१० साली १६०८ च्या चर्चच्या खांबांचे खड्डे सापडले आणि वेदीजवळच्या भागात चार कबरी. २०१३ मध्ये त्या उघडल्या तेव्हा हाडांपैकी अंदाजे ३० टक्केच उरली होती. पेट्यांचं लाकूड गेलं होतं, पण खिळे जिथल्या तिथे राहिल्याने पेट्यांचा आकार कळला. वय, हाडांतलं शिसं, कागदपत्रं असं सगळं जुळवून २०१५ मध्ये नावं जाहीर झाली: धर्मगुरू रॉबर्ट हंट, गॅब्रिएल आर्चर, फर्डिनांडो वेनमन, विल्यम वेस्ट.

आपल्याकडे अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल या ज्यू समाजाची अशीच जागा आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यालगत पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. शिलालेख नसतानाही समाजाने ती जागा पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवली. आज तिथे स्मारकस्तंभ आहे.

जेम्सटाउनला आता घाई आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, बेटावर पाणी वारंवार चढतं, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ ऐतिहासिक स्थळांत त्याचं नाव आलं. मचूळ पाणी विजेचं चांगलं वाहक असल्याने ते रडारची लहर गिळून टाकतं. जी माती त्या पाण्याने भिजेल, तिच्यातल्या कबरी शोधायला हे यंत्र फारसं उपयोगाचं राहणार नाही.