गाण्याची स्पर्धा: परीक्षेपासून विरंगुळ्यापर्यंत

महेंद्र कपूर यांचं नाव पहिल्यांदा झालं ते १९५७ च्या मेट्रो-मर्फी गायन स्पर्धेमुळे. परीक्षकांत नौशाद, सी. रामचंद्र अशी त्या काळातली बडी मंडळी होती. जिंकणाऱ्याला सिनेमाच्या गाण्याचं दार उघडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला मात्र यात जागाच नव्हती. त्याच्या वाट्याला आलं ते पुढे रेडिओवर वाजलेलं गाणं. स्पर्धा ही गाणाऱ्याची परीक्षा होती आणि परीक्षा बघायला कोणी आरामात पाय पसरून बसत नाही.

सत्तरच्या दशकातही चित्र फारसं वेगळं नव्हतं. मुंबईच्या सूर सिंगार स्पर्धेत १९७६ मध्ये सुरेश वाडकर जिंकले, पुढच्या वर्षी हरिहरन. परीक्षकांतले संगीतकार जयदेव यांनी दोघांनाही १९७८ च्या ‘गमन’मध्ये गायला बोलावलं. उत्तरेतून पोटासाठी आलेल्या मुंबईच्या टॅक्सीवाल्याची गोष्ट असलेला हा सिनेमा. एकाच सिनेमात लागोपाठच्या दोन विजेत्यांची गाणी, आणि दोन्ही आजही टिकून आहेत. पारखी परीक्षक असला की काय होतं, याचा याहून चांगला दाखला मला तरी सापडत नाही.

मुंबईकर तोवर गाणं कुठे ऐकत होता? मुख्यतः रेडिओवर. आकाशवाणी मुंबईची ‘कामगार सभा’, फर्माइशींची ‘आपली आवड’. गणपतीत गिरगाव-लालबागच्या मांडवांत भावगीतं आणि ऑर्केस्ट्रा. एखाद्या चाळीत गायन स्पर्धा झाली तर परीक्षक वरच्या मजल्यावरचे पेटीवाले काका, आणि बक्षीस बहुधा स्टीलचा डबा. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ‘छायागीत’ला ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या दारात चपलांचा ढीग पडू लागला. अशा घरांत कोणी गाणं शिकलं नसलं, तरी आशाबाईंची जागा कुठे येते आणि सुधीर फडके शब्द कसा सोडतात, हे कानांना पक्कं ठाऊक होतं.

याच कानांना १९९५ मध्ये ‘सा रे ग म’ मिळालं. झी टीव्हीवर, गजेंद्र सिंह यांचं दिग्दर्शन, निवेदनाला तरुण सोनू निगम. संजीवनी भेलांडे, बेला शेंडे, लहानग्या श्रेया घोषाल अशा मुली इथूनच घराघरांत पोचल्या. गाणं ओळखीचं, गळा अनोळखी. मूळ गाणं डोक्यात वाजत असतं आणि समोरचा गाणारा त्याला कुठे पुरा पडतो, कुठे चुकतो, हे सोफ्यावरून बसल्याबसल्या सांगता येतं. विरारच्या किंवा डोंबिवलीच्या गाडीतून उतरून आलेल्या माणसाला दिवसभर कोणी ना कोणी जोखतच असतं. रात्री ताटावर बसल्यावर जोखायची पाळी त्याची येते, आणि त्या निवाड्याने कोणाचं काही बिघडत नाही. शिवाय प्रत्येक गाणं तीनचार मिनिटांत संपतं. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलं तरी काही सुटत नाही. मालिकेत एक भाग चुकला की कोण कोणाची सावत्र बहीण, हेच कळेनासं होतं.

मग मोबाइल आला. ब्रिटिश ‘पॉप आयडॉल’च्या धर्तीवरचं ‘इंडियन आयडॉल’ सोनीवर २००४ मध्ये सुरू झालं आणि मार्च २००५ मध्ये आपल्या मुंबईचा अभिजित सावंत जिंकला. कौल आता प्रेक्षकांच्या एसएमएसचा. मराठी वस्त्यांत त्याचा आनंद खूप झाला, पण माझ्या मते विरंगुळ्याला पहिला तडा इथेच गेला. मत द्यायचं म्हटलं की बाजू घ्यावी लागते आणि गाण्याआधी गाव, भाषा, घरची हलाखी मोजली जाऊ लागते. निरोप पाठवायला नेहमीपेक्षा जास्त पैसे पडत, ते निराळंच.

झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने मात्र हा ताण बराचसा विसरायला लावला. २००८-०९ चं ते पर्व. पल्लवी जोशींचं निवेदन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, कोकणातला प्रथमेश लघाटे. गुण आकड्यांत नव्हे, स्वरांत मिळायचे. परीक्षक बोलायच्या आधीच घरातली आजी ‘नी’ देऊन मोकळी व्हायची, आणि फारच आवडलं तर ‘वरचा सा’. एसएमएस इथेही होतेच, पण मुलं एकमेकांच्या गाण्यावर खुशाल टाळ्या वाजवत होती. त्याच हिवाळ्यात शहराने २६ नोव्हेंबरचा हल्ला सोसला. बातम्यांतून मान वर काढायला लोकांना काहीतरी हवं होतं, आणि अभंग, नाट्यपदं, लावण्या पोरांच्या तोंडून ऐकण्याने ते काही प्रमाणात मिळालं. फेब्रुवारीत कार्तिकी जिंकली. हरलेल्या चौघांना मात्र कोणी हरलेलं मानलं नाही. ‘पंचरत्न’ हे नाव पाचही जणांना चिकटलं. २०२१ मध्ये हेच पाच जण त्याच कार्यक्रमात परीक्षक म्हणून बसले. २०२३ मध्ये मुग्धा आणि प्रथमेश यांचं लग्न झालं, तेव्हा तर कित्येकांनी आपल्याच घरचं कार्य असल्यासारखी चौकशी केली.

त्यानंतर कलर्स मराठीवर २०१७ मध्ये ‘सूर नवा ध्यास नवा’ आलं, २०२१ मध्ये सोनी मराठीवर मराठी ‘इंडियन आयडॉल’. त्यात परीक्षक अजय-अतुल, विजेता पनवेलचा सागर म्हात्रे. वाद्यवृंद आता पूर्वीपेक्षा कितीतरी तयारीचा असतो आणि मुलं रियाज करून येतात. रडवणारी चित्रफीत, पाहुण्या नटनट्या, निकालाआधीची लांबण यांनी भाग फुगतो, हेही खरं. त्यावर उपाय प्रेक्षकांनी परस्पर काढला आहे. भाग पूर्ण न बघता दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, कानात इअरफोन घालून, यूट्यूबवर नेमकी हवी ती गाणी ऐकायची. गुण नाहीत, एलिमिनेशन नाही. दादर ते ठाणे एवढ्या वेळात चारपाच गाणी आरामात होतात, तीही बसायला जागा मिळालेली नसताना.