सिली (इंग्रजी विशेषण)

सिली हे वेडगळ, पोरकट, उथळ अशा अर्थांचे इंग्रजी विशेषण आहे. मुळात मात्र हा शब्द आशीर्वादाच्या घरचा. जुन्या इंग्रजीतील ‘सॅलिग’ म्हणजे सुखी, भाग्यवान, देवाची कृपा लाभलेला. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिग’ अजून धन्यतेच्याच अर्थाने वावरतो. दिवंगत माणसाचा उल्लेखही जर्मनमध्ये त्याने होतो, आपण ‘कैलासवासी’ म्हणतो तसा.

इंग्रजीत शब्द पायरी पायरीने उतरत गेला. कृपा लाभलेला तो पुण्यवान, पुण्यवान तो निष्पाप. निष्पापाला जगाचे छक्केपंजे कळत नाहीत म्हणून तो बिचारा, बिचारा म्हणून दुबळा. हे दुबळेपण अखेर बुद्धीला चिकटले आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मूर्ख’ हा अर्थ दिसू लागला. तरी जुन्या छटा बराच काळ टिकल्या. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ नाटकाच्या तिसऱ्या भागात मेंढ्या ‘सिली’ आहेत, म्हणजे गरीब, निरुपद्रवी. मिल्टनने १६२९ साली ख्रिस्तजन्मावर लिहिलेल्या कवितेत मेंढपाळांचे विचार ‘सिली’ आहेत, म्हणजे साधेभोळे. इथे आजचा अर्थ लावला, तर त्या मेंढपाळांवर अन्यायच होतो.

मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये. आपला ‘भोळा’ असाच दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभा आहे: शंकर भोळा, म्हणून तो पूज्य, आणि व्यवहारात फसणाराही भोळाच. पण मराठीने हिणवण्यासाठी ‘भोळसट’ असा वेगळा शब्द घडवला, त्यामुळे ‘भोळा भाव सिद्धीस जाव’ म्हणताना भोळेपणाचा मान शाबूत राहतो. इंग्रजीने दोन्ही ओझी एकाच शब्दावर लादली आणि त्यातले पवित्र ओझे वाटेत गळून पडले.

तरीही ‘सिली’त ‘स्टुपिड’चा कडवटपणा नाही. लेकराला लाडाने ‘वेडा कुठला!’ म्हणावे, तो सूर त्यात निघतो. निखळ विक्षिप्त विनोदालाही इंग्रज हाच शब्द लावतात. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर १९७० साली गाजलेल्या एका प्रहसनात ‘सिली’ ढंगाने चालण्याचे चक्क सरकारी मंत्रालय होते. संसदेला सुट्टी असते त्या उन्हाळ्यात वृत्तपत्रे किरकोळ बातम्यांनी भरतात, त्या काळाला ‘सिली सीझन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून ही संज्ञा रूढ आहे.

मराठी कानांना हा शब्द सर्वांत ओळखीचा आहे तो क्रिकेटमुळे. सिली पॉइंट, सिली मिड-ऑफ, सिली मिड-ऑन या जागा फलंदाजाच्या इतक्या निकट असतात, की तिथे उभे राहणे म्हणजे चेंडू अंगावर ओढवून घेणे. मराठी समालोचनातही ही नावे भाषांतर न होता जशीच्या तशी बोलली जातात.