रेटिनोपथीसाठी रक्ताची टेस्ट: या शोधामागची पार्श्वभूमी

डायबेटिसमुळे डोळ्याचा आतला पडदा बिघडतो, त्याला रेटिनोपथी म्हणतात. रक्त तपासून ती कळावी ही इच्छा जुनीच, पण तिला खरा जोर आला १९९३ नंतर. त्याआधीचं एवढंच लक्षात ठेवा की १९६८ मध्ये डायबेटिसवाल्यांच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन दिसलं आणि पुढे त्यातूनच एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट, आलं. १९९३ ला टाइप १ च्या १,४४१ पेशंट्सच्या ट्रायलचा रिझल्ट आला, शुगर कडक कंट्रोलमध्ये ठेवली तर रेटिनोपथी सुरू होण्याची रिस्क ७६ टक्क्यांनी कमी, आणि मग सगळे एचबीए१सीच धरून बसले. त्याच ट्रायलमध्ये शुगर खाली आल्यावर पहिल्या वर्षभरात काहींचे डोळे उलट जास्त बिघडले होते, म्हणजे रिपोर्ट छान आणि पडदा खराब, पण याची चर्चा फार कमी झाली. पुढे २००८ मध्ये त्याच आकड्यांवरून दिसलं की एचबीए१सी आणि डायबेटिसची वर्षं, दोन्ही धरून रिस्कमधला जेमतेम ११ टक्के फरक समजतो. उरलेलं कशामुळे, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खरा वाद ६.५ चा. २००९ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय समितीने एचबीए१सी ६.५ टक्के म्हणजे डायबेटिस असं सुचवलं, आणि ही रेषा ठरली डोळ्यांवरूनच! नऊ देशांतल्या जवळपास २८,००० लोकांचा डेटा घेतला, अर्ध्या-अर्ध्या टक्क्याचे टप्पे पाडले, आणि मध्यम रेटिनोपथी कुठून वाढते ते बघितलं. मध्यम का, तर बारीकसारीक ठिपके डायबेटिस नसलेल्यांच्या डोळ्यातही सापडतात, बीपीमुळेही येतात. लॉजिक बरोबर आहे. पण आदल्याच वर्षी चांगल्या फोटोंवर झालेल्या अभ्यासात उपाशीपोटीच्या शुगरची अशी ठळक रेषा सापडलीच नव्हती, रिस्क हळूहळू चढत जाते असं दिसलं होतं. शिवाय आयर्न कमी असेल किंवा हिमोग्लोबिनच वेगळ्या प्रकारचं असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवतो. निदानासाठी रेषा लागते हे मान्य, पण तिच्या खाली डोळा सेफ असं जे लोकांच्या डोक्यात बसलं ते चुकीचंच आहे.

व्हीईजीएफचं, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचं, तसंच झालं. १९९४ मध्ये ते डोळ्यातल्या द्रवात सापडलं, पुढे त्यावर इंजेक्शनं आली, म्हणून लोकांनी ते रक्तातही मोजायला घेतलं. पण रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःचं व्हीईजीएफ सोडतात, त्यामुळे सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरलेल्या पाण्यात) आकडा फुगतो, प्लाझ्मात (रक्त गोठू न देता वेगळ्या केलेल्या पाण्यात) कमी येतो, मग दोन लॅबचे रिपोर्ट जुळणार कसे? नंतर लिपिड (रक्तातली चरबी), मायक्रोआरएनए (जीन्सचं काम कमी-जास्त करणारे बारीक रेणू), प्रोटीनच्या लांबलचक याद्या आल्या, रेटिनोपथीसाठीच्या रोजच्या तपासणीत त्यातलं काही पोचलं नाही.

२०१८ ला अमेरिकेत पडद्याचा फोटो बघून स्वतःच निकाल देणाऱ्या एआयला मंजुरी मिळाली, त्यामुळे ‘आत्ता रेटिनोपथी आहे का’ हे कॅमेराच सांगतो. रक्ताने सांगायचं ते वेगळं, आज दोघांचे फोटो सारखे असतील तर पुढच्या पाच वर्षांत कुणाचा डोळा बिघडेल. त्यासाठी डोळा बिघडायच्या आधी घेऊन साठवलेलं रक्त आणि वर्षानुवर्षांचा फॉलोअप लागतो, आणि बरेचसे अभ्यास मात्र एकदाच रक्त काढून रेटिनोपथीवाले आणि बाकीचे अशी तुलना करून मोकळे होतात.